फिल्मकाकांची पॉलिसी

हातात आलेला कुठलाही कागद फिल्मकाका आधी खिडकीसमोर उजेडात धरत आणि मगच वाचत. विजेचं बिल असो, लग्नाची पत्रिका असो की हॉटेलातलं मेन्यूकार्ड, दोन्ही हातांच्या चिमटीत तो कागद वर जायचा, चष्मा कपाळावर चढायचा आणि डोळे बारीक व्हायचे. तीस वर्षं इंग्लंडातल्या हॉस्पिटलात एक्स-रे वाचलेल्या माणसाचे हात आपोआप वर जाणार, यात नवल नाही. नवल हे, की त्यांना त्या कागदात खरंच काहीतरी दिसायचं. इंग्लंडात ब्रॅकनेलला नोकरी करणाऱ्या एका मुलाशी माझं लग्न ठरलं, तेव्हा आमची पत्रिका अशीच वर धरून ते म्हणाले होते, "मुलाकडच्यांनी कागदात काटकसर केलीय. लक्षात ठेव." पुढे ते लक्षात ठेवावं लागलं.

फिल्मकाका हे नाव इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मुलांनी एक्स-रेच्या फिल्मवरून ठेवलेलं. माझ्यासाठी ते अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, मिरजेतले वर्गमित्र. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा अप्पांनी त्यांना फोन करून सांगितलं होतं, "पोरगी तुझ्या हवाली." काकांनी ते तंतोतंत पाळलं. पहिली दिवाळी त्यांच्याकडे, पहिलं आजारपण त्यांच्याकडे, नवऱ्याशी झालेलं पहिलं मोठं भांडणही त्यांच्याकडेच. क्रॉयडनच्या एका विमा कंपनीत मला नोकरी लागली तेव्हा ते पेढे घेऊन आले. माझं काम तक्रारींना उत्तरं लिहिण्याचं. "आम्हाला खेद वाटतो" अशी सुरुवात करून खाली चार परिच्छेदांत "नाही" सांगायचं. दिवसाला अशी दहा-बारा पत्रं मी न अडखळता लिहीत असे.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दिसतंय ते लिहायचं, वाटतंय ते घरी ठेवायचं." हाताखालच्या डॉक्टरांना त्यांनी ते इतक्या वेळा ऐकवलं होतं की निवृत्तीच्या समारंभात त्यांनी काकांना तेच इंग्रजीतून केकवर लिहून दिलं. घरीही त्यांची भाषा रिपोर्टचीच. माझ्या पोळ्यांकडे बघून म्हणायचे, "आकार अनियमित, कडा अस्पष्ट. मात्र चिंतेचं कारण नाही." काकू पदराआड हसायच्या. काकूंच्या मत्स्याहाराविषयीचा त्यांचा रिपोर्ट मात्र कायम गंभीर असे, कारण काका पक्के शाकाहारी आणि काकू वेंगुर्ल्याच्या.

त्यांचं हे स्पष्ट बोलणं माझ्या घरापर्यंत आलं ते अप्पांच्या खोकल्यामुळे. सांगलीतल्या डॉक्टरांचं "बघू", "आणखी एक टेस्ट करू" असं चाललं होतं. माझ्या भावाने स्कॅनचे फोटो काकांना पाठवले. काकांनी ते मोठे करून दोनदा पाहिले आणि अप्पांना फोन लावला. मी शेजारीच बसले होते. "दत्ता, हे बरं होणारं नाही. चार-पाच महिने धर. राहिलेली कामं उरकून घे." मला काकांचा इतका संताप आला की मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. अप्पांनी मात्र त्या चार महिन्यांत घर आईच्या नावावर केलं, धाकट्या भावाशी वर्षानुवर्षांचं भांडण मिटवलं आणि मला बोलावून घेऊन पोटभर गप्पा मारल्या. जाण्याच्या आदल्या आठवड्यात म्हणाले, "सगळ्यांत तो एकटा माझ्याशी नीट बोलला." हे ऋण माझ्यावर होतं, म्हणूनच पुढचं सगळं लिहिताना हात जड होतो.

काकूंना इंग्लंडात एकच दुःख होतं. काकांना नोकरी मिळाली ती मिडलंड्समध्ये, जिथून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. बांगडे तळायचे तर खिडक्या लावून, धूर बाहेर जाऊ न देता, आणि तरी दुसऱ्या दिवशी शेजारीण नाक मुरडायची. मूलबाळ नाही. काकूंनी तीस वर्षं तक्रार केली नाही, एवढंच म्हणायच्या, "रिटायर झालात की मला समुद्राजवळ नेऊन ठेवा." काकांनी शब्द पाळला. नॉर्फकच्या किनाऱ्यावर मातीच्या कड्यावर एक छोटा बंगला घेतला. मिरजेच्या या माणसाने जन्मात गुडघाभर पाण्यात पाय घातला नव्हता, आणि त्याने बायकोसाठी स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसेल असं घर शोधलं. काकू तिथे राहायला गेल्या आणि त्यांचं वय दहा वर्षांनी उतरलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

घर घेतलं तेव्हा कडा बागेपासून चांगलाच लांब होता. मधे एक शेत होतं, पायवाट होती, बाकडं होतं. दोन-तीन हिवाळ्यांत बाकडं गेलं, मग पायवाट गेली. तेव्हा काकांनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेतली, प्रत्येक पावलाला एक गाठ मारली आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुंपणापासून कड्यापर्यंत गाठी मोजायला सुरुवात केली. मोजून झालं की मला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप यायचा. "मागील तपासणीशी तुलना करता तीन गाठींची घट. उत्तरेकडे एक नवीन भेग. रुग्ण शांत." रुग्ण म्हणजे घर. मी हसून तो निरोप नवऱ्याला ऐकवत असे.

त्या घराची चांगली, जुनी पॉलिसी गेली ती वास्तुशांतीमुळे. घरात राहायला जाताना काकूंच्या आग्रहाखातर लंडनहून गुरुजी आणले होते. वास्तूची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची, म्हणून बॉयलरच्या खोलीतली फरशी एका गवंड्याकडून फोडून घेतली, प्रतिमा पुरली आणि वर सिमेंट थापलं. काही वर्षांनी विमा कंपनीने घर बघायला सर्व्हेअर पाठवला. त्याने ते ठिगळ पाहून सहज विचारलं, "इथे जुना पाईप होता का?" नुसतं "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं, मान हलवली असती तरी चाललं असतं. काकांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि वास्तुपुरुष घरात कसा झोपलेला असतो, त्याचं डोकं कुठे, पाय कुठे, हे कागदावर काढून समजावलं. सर्व्हेअर भला माणूस होता; त्याने सगळं लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. मालकाने घराचा पाया खोदला आहे, सबब इंजिनिअरचा अहवाल हवा. इंजिनिअर आला तो फरशी बघायला, आणि त्याला समुद्राकडच्या भिंतीवरची चीर दिसली. वर्ष संपलं तेव्हा कंपनीने पॉलिसी पुढे चालवायला नकार दिला.

"अहो, पाईपच म्हणायचं होतंत," काकू म्हणाल्या.

"पाईप नव्हता तिथे," काका म्हणाले.

त्यानंतर सुरू झाला तो पॉलिसीचा शोध. काका वेबसाइटवर फॉर्म भरायला बसत आणि "घर कड्याच्या किंवा किनाऱ्याच्या जवळ आहे का?" या प्रश्नाशी थांबत. जवळ म्हणजे किती, हे विचारायला हेल्पलाईनला फोन लावत. पलीकडच्या मुलीला गाठींचा हिशोब सांगत आणि मग ती मुलगी सुपरवायझरला बोलवायला जात असे. शेवटी एका कंपनीने पॉलिसी दिली. पुस्तिका आली तशी खिडकीसमोर वर गेली. आग लागली तर भरपाई, पाईप फुटला तर भरपाई, चोरी, वादळ, पूर, सगळ्याला भरपाई. एका पानावर जमीन घसरली तरी भरपाई, असंही होतं. आणि चार पानं पुढे बारीक अक्षरात, समुद्राने किनारा खाल्ल्यामुळे होणारं कुठलंही नुकसान वगळून.

"म्हणजे या घराला जे होणार आहे ते सोडून बाकी सगळ्याचा विमा," काका मला फोनवर म्हणाले. "बरं, हे झालं जीपीचं मत. आता कन्सल्टंट कोण?"

इथे काकांची चूक झाली, आणि ती डॉक्टरच करू शकतो. त्यांचा ठाम समज असा की जीपीला, म्हणजे घराजवळच्या साध्या डॉक्टरला, जे जमत नाही ते कन्सल्टंटला, म्हणजे हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाला, जमतं, आणि त्याला नाही जमलं तर लंडनमध्ये कुणीतरी त्याच्याहून मोठा बसलेला असतोच. साध्या कंपन्या नाही म्हणाल्या म्हणजे एखादा तज्ज्ञ ब्रोकर असणारच. तो शोधायचा कुणी, तर विम्यात काम करणाऱ्या मंजिरीने, म्हणजे मी. "माझं काय, मी आज आहे उद्या नाही," ते म्हणाले. "पण घर गेलं तर हिला दुसरं छप्पर घेता येईल एवढं मिळायला हवं. पेन्शनवर नवीन घर होत नाही. तेवढं बघ."

मी म्हटलं, "बघते, काका."

आपल्याकडे वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. "बघते" म्हणतात, आणि समोरच्याने चार-सहा महिन्यांत काय ते समजून घ्यायचं असतं. बाकी सगळे समजून घेतात. मंडळातल्या कितीजणांना मी असं "बघते" म्हटलं आहे, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. पण काका ज्या दिवशी "बघतो" म्हणत त्याच दिवशी बघत. माझ्या शब्दाचा त्यांनी तोच अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसातल्या ट्रेव्हरला विचारलं. त्याचा जन्म या धंद्यात गेला होता. त्याने सँडविचवरून मान वर केली. "मंजिरी, होणारच आहे त्याचा विमा नसतो. होईल की नाही हे ठाऊक नसलेल्याचा असतो." एवढ्यात संपलं. हे वाक्य काकांना त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मी सांगितलं, "काका, एका तज्ज्ञ माणसाकडे शब्द टाकलाय." तोही शब्द खोटाच होता.

पुढची तीन वर्षं काकांचे रविवारचे निरोप येत राहिले आणि शेवटी एक वाक्य वाढलं, "ब्रोकरची प्रगती कळव." मी कळवत असे. तो सुट्टीवर आहे. तो आणखी कागद मागतोय. त्याने फाईल वर पाठवली आहे. रोज अनोळखी माणसांना बेधडक नकार लिहिणारी मी, या एका माणसापुढे माझी जीभ वळत नव्हती. मला वाटायचं, आत्ता नको, काकूंची तब्येत जरा नरम आहे. आत्ता नको, त्यांचा वाढदिवस आहे. आत्ता नको, आज आवाज किती आनंदी आहे.

मग ते जोडपं आलं. नॉरिचचे नवरा-बायको, किनाऱ्यावरची घरं घेऊन सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने देणारे. काकांनी त्यांना दोरी दाखवली, चीर दाखवली, वास्तुपुरुषही सांगितला असणार. त्यांना सगळं मान्य होतं. चार-पाच उन्हाळे मिळाले तरी त्यांचं भागणार होतं. किंमत फार नव्हती, पण क्रॉयडनला माझ्या जवळपास दोन खोल्या घेता आल्या असत्या. काकांनी मला ऑफिसात फोन केला. त्यांचा प्रश्न त्यांच्या स्वभावासारखाच सरळ होता.

"मंजू, पॉलिसी मिळणार असेल तर मी घर देत नाही. हिचा जीव आहे इथे. मिळणार नसेल तर देतो, हिला मी समजावेन. ते लोक शुक्रवारपर्यंत थांबतायत. तू सांग."

मागे काकूंचा आवाज येत होता, खिडकीतून कुठलं तरी जहाज दिसत होतं ते त्या काकांना दाखवत होत्या. मी म्हटलं, "थोडं थांबा, काका. बघते मी."

"म्हणजे आशा आहे?"

"आहे की."

शुक्रवारी काकांनी त्या जोडप्याला नकार कळवला. पुन्हा कुणी विचारायला आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात वादळ आलं आणि कुंपण गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मला फोन आला. काकांचा आवाज नेहमीसारखा होता. "कौन्सिलचा माणूस आत्ताच गेला. आठवड्याभरात घर खाली करायचंय. पडायच्या आत ते मशीन लावून पाडणार. तुझ्या त्या ब्रोकरला सांग, आता घाई आहे."

मी फोन घेऊन जिन्यात गेले. "काका, ब्रोकर नाही."

"सुट्टीवर आहे?"

"नाही. असा कुणी ब्रोकरच नाही. समुद्राने जमीन नेली तर कुणीच पैसे देत नाही. तशी पॉलिसी कुठे मिळतच नाही."

मागे काकू भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या, त्या कागदाचा आवाज ऐकू आला.

"हे तुला कधी कळलं?"

"पहिल्यापासूनच."

"ते दोघे आले होते तेव्हाही?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं, पण मला बरं वाटावं हा काही प्रश्न नव्हता.

बंगला पाडला. कौन्सिलने त्यांना आतल्या बाजूला, समुद्रापासून तासाभरावरच्या एका गावात तळमजल्यावरचा फ्लॅट दिला, तात्पुरता. मी महिन्याने गेले. महिनाभर धीर झाला नाही, हे खरं कारण; नवऱ्याला मी ऑफिसात काम आहे असं सांगितलं होतं. फ्लॅटच्या खिडकीतून समोर गाड्या उभ्या करायची जागा दिसत होती. निम्मी खोकी उघडलीच नव्हती. काकू माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या तर काकांनी त्यांना हाताने थांबवलं.

"चहाच्या आधी बोलून घेऊ," ते म्हणाले. "एकदा चहा झाला की माणूस पाहुणा होतो. मंजू, तू 'चुकलं' म्हणायला आली आहेस. चुकलंच. मी 'असू दे' म्हणणार नाही. असू देण्यासारखं नाही हे. हिचं घर गेलं आणि त्याच्या बदल्यात हिला काही मिळालं नाही. मिळू शकलं असतं."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, पण बोलणं थांबवलं नाही.

"तुला वाटलं, म्हाताऱ्याला कशाला दुखवा. माझ्या तीस वर्षांत मी किती जणांना दुखवलं असेन, काही अंदाज? ते घरी गेले आणि कामाला लागले. मला तू कामाला लागू दिलं नाहीस."

काकू म्हणाल्या, "पुरे आता. पोर आहे ती."

"पोर नाही ती, चाळिशीची आहे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, त्याच सुरात, "पण येत जा. मी गेल्यावर हिच्याकडे यायला कुणी नाही. हे मी रागात सांगत नाही, माहिती म्हणून सांगतोय." आणि मग काकूंना, "टाक आता चहा."

मी दर महिन्याला जात राहिले. काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मला माफ केलंय असंही कधी भासवलं नाही. जे झालं ते त्यांनी पाहिलं होतं, त्याची नोंद केली होती आणि नोंद खोडायची त्यांना सवय नव्हती. त्यांची तब्येत मात्र झपाट्याने उतरली. स्वतःचा एक्स-रे त्यांनी स्वतःच पाहिला आणि काकूंना त्याच दिवशी सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये ते गेले. मंडळातले लोक भाषणांतून त्यांच्या स्पष्टवक्तेपणाच्या गमती सांगत होते, आणि मी मागच्या रांगेत खाली मान घालून बसले होते. त्या सभागृहात मला "कशी आहेस" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी "ठीक" म्हटलं.

काकूंना त्या फ्लॅटमध्ये एकटीला जमेना. जूनमध्ये त्या न्हाणीघरात पडल्या. सोशल वर्कर बाई येऊन गेली, आणि मग पत्र आलं, की यांना एकटं राहता येणार नाही. आणखी आत, पीटरबरोजवळच्या एका वृद्धाश्रमात एक खोली रिकामी आहे. माझं क्रॉयडनचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि काकूंना एक पायरी चढवत नाही. मी हेच कारण सगळ्यांना सांगते. ते खरं आहे, पण एकमेव नाही.

पत्राची एक प्रत मलाही आली होती आणि मी आठवडाभर सगळीकडे फोन करून विचारलं होतं. त्या रविवारी मी गेले तेव्हा काकूंनी ते पत्र माझ्या हातात दिलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं असावं, कारण घडीवर घडी पडून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या.

"मंजू," त्या म्हणाल्या, "मला इथेच राहता येईल असं काही होईल का गं? हे काही मला आवडत होतं अशातला भाग नाही. पण इथे त्यांचं सगळं सामान आहे. तू ऑफिसात असतेस, तुझं ही माणसं ऐकतात."

त्या उठून चहाचं पाणी ठेवायला निघाल्या होत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना परत बसवलं.

"नाही, काकू," मी म्हटलं. "नाही होणार. मी सगळीकडे विचारून आले आहे. जावंच लागेल."

त्यांनी मान हलवली. "बरं. सामान किती नेऊ देतात?"

"दोन बॅगा. आणि एक खुर्ची."

त्या घरात खुर्च्या दोनच होत्या. काकू आधी त्यांच्या स्वतःच्या खुर्चीकडे बघत राहिल्या, आणि मग काकांच्या.